निफाडच्या मळ्यात मी वाजवलेली खंजिरी

पन्नाशीला टेकलेली, शाळेत गणित शिकवणारी बाई एका रॉक बँडच्या मागे गावोगाव फिरते, हे आमच्या सोसायटीत कोणाला पटलं नसतं. म्हणून मी "संगीताच्या कार्यक्रमाला चाललेय" एवढंच सांगायचे. शेजारणींना वाटायचं, नाट्यसंगीत.

बँड चौघांचा. चौघंही सातपूरच्या कारखान्यांत कामाला. शिफ्ट सांभाळून सुट्टीच्या दिवशी वाजवायचे. काय वाजवायचं ते आधी ठरलेलं नसायचं. एकानं सूर धरायचा, बाकीच्यांनी ऐकत ऐकत तो पुढे न्यायचा. कधी त्यातून काहीच निघत नसे, कधी अंगावर काटा यायचा. त्या काट्यासाठी आम्ही पंधरा-वीस जण मनमाडपर्यंत कुठेही हजर. त्यांत मी सर्वांत जुनी, निदान सर्वांत बोलकी. नवीन माणूस दिसला की मी त्याला गणिताच्या तासाच्या आवाजात समजावायचे, "वाजवण्यापेक्षा ऐकणं महत्त्वाचं. हे एकमेकांचं ऐकतात, बघा."

निफाडजवळच्या एका द्राक्षमळ्यात संध्याकाळचा कार्यक्रम होता. चौघांपैकी खंजिरी आणि ढोलकी वाजवणारा शिफ्ट बदलल्यामुळे आलाच नव्हता. गिटारवाल्यानं माइकवरून सहज विचारलं, "खंजिरी कोणी वाजवेल का?" मी भजनी मंडळात खंजिरी वाजवते. त्याचं वाक्य संपायच्या आत मी पदर खोचून स्टेजवर होते.

सुरुवात बरी झाली. मग समोरचे ओळखीचे चेहरे दिसले, अंगात काहीतरी शिरलं आणि मी लय वाढवली. ड्रमवाला बिचारा माझ्यामागे धावला. गिटारवाल्यानं तळहात खाली दाबत खूण केली. मला वाटलं, आशीर्वाद देतोय. वयानं लहान असून! मी मान लववली आणि आणखी वेग घेतला. मग गिटार थांबली, बेस थांबला, शेवटी ड्रमही थांबला. मी एकटीच वाजवत होते. आपल्याला मोकळं मैदान दिलंय, या समजुतीत मी हात भरून येईपर्यंत वाजवलं.

परतताना गाडीत मी विचारलं, "अहो, कशी झाली खंजिरी?"

"जोरात झाली," हे म्हणाले आणि रस्त्याकडे बघत राहिले.

आमच्यातली एक नर्स प्रत्येक कार्यक्रम मोबाइलवर रेकॉर्ड करते. तिनं तो ग्रुपवर टाकला. मी चहा घेऊन उत्साहानं ऐकायला बसले. खंजिरी एवढी पुढे, की गिटार शेजारच्या गल्लीत वाजतेय असं वाटावं. आणि मध्येच बेसवाल्याचा स्वच्छ आवाज, "अरे, ताईंना थांबवा कोणीतरी!"

पुढचे कार्यक्रम मी पाहुण्यांचं निमित्त सांगून चुकवले. शेवटी गिटारवाल्याचाच फोन आला.

"ताई, येत का नाही?"

"तुमचा कार्यक्रम बिघडवला मी."

"बिघडवलात ना," तो हसला. "आम्ही तर नेहमीच बिघडवतो. पण तुम्ही समोर नसलात की कोणाकडे बघून वाजवायचं तेच कळत नाही. या. फक्त खाली उभ्या राहा."

मनमाडच्या कार्यक्रमाला गेले. लाजेनं मागच्या बाजूला उभी राहिले. मध्येच ड्रमवाल्यानं लय एकदम दुप्पट केली, बाकीचे एकेक करून थांबले आणि तो एकटा उरला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. माझ्या शेजारचे रेल्वेतले गृहस्थ खुशीत म्हणाले, "काकू, हे त्यांचं लय खास हाय. निफाडला ड्रमवाल्याला आयत्या वेळी सुचलं म्हणे."

मी गप्प राहायचं ठरवलं. जमलं नाही.

"ड्रमवाल्याला नाही," मी म्हणाले. "मला."

त्यांनी माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे, हातातल्या पर्सकडे नीट पाहिलं. "असं व्हय," म्हणाले आणि दोन पावलं बाजूला सरकून उभे राहिले.