कळंब्याचा प्लॉट आणि सातबाऱ्यावरची बहीण

१. कळंब्याजवळचा प्लॉट घ्यायला मी महिन्यापूर्वी इसाराचे पैसे दिले.
२. आज बँकेने कर्ज नाकारलं. सातबाऱ्यावर मालकाच्या बहिणीचंही नाव आहे आणि तिची सही कुठेच नाही.
३. मी मालकांना फोन केला.

"अवो म्याडम, तिनं भाऊबीजेलाच हक्क सोडलाय की."

"कागद कुठे आहे?"

"बहीण-भावात कागद कशाला? तुमच्या घरात लिहून घेत्यात व्हय?"

आमच्या घरात घेतलं. गेल्या वर्षी भावासाठी हक्कसोडपत्रावर मी न वाचता सही केली. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. कामावर प्रत्येक नकाशा तपासूनच सही करते.

त्या बहिणीकडे सही मागायला मी जाणार नाही. व्यवहार मोडतेय. इसार परत मिळवलेल्यांनी नेमकं काय केलं, ते कृपया शुक्रवारपर्यंत इथे लिहा.