बबनरावांचा फ्रीज

"यांना डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस झालाय," डॉक्टर म्हणाल्या. इन्सुलिन कमी पडलं की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साठतं, असा त्याचा अर्थ. तो मला नंतर कळला. त्या वेळी मला फक्त त्यांचा पुढचा प्रश्न ऐकू आला.

"घरी इंजेक्शन कोण देतं?"

"मी देते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या.

आमचे हे कित्येक वर्षं इन्सुलिनवर आहेत. निवृत्तीनंतर आम्ही पुण्यातला वारज्याचा फ्लॅट सोडून शहराबाहेरच्या एका गावात राहायला गेलो. शुद्ध हवा हवी होती, ती मिळाली. त्या उन्हाळ्यात यांची तहान अचानक वाढली, वजन उतरलं, साखर चढत गेली. डोस वाढवून पाहिला, काही फरक पडेना. मी फरसाणाचे डबे लपवले, यांच्याशी भांडले. एके सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि श्वासाला सडक्या फळासारखा वास यायला लागला. असा वास आला तर थांबू नका, सरळ गाडी काढा.

वारज्याच्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेर खुर्च्या भरपूर होत्या, पण मला एकीवरही बसवेना. सुई नीट टोचली जात होती का? आकडा वाचताना माझा चष्मा कुठे होता? मी हवेत दोन बोटांनी सिरिंज भरून, टोचून पाहत होते. रखवालदार म्हणाला, "काकू, बरं वाटतंय ना?" मी त्याला म्हटलं, "बरं वाटलं असतं तर इथे कशाला आले असते?"

हे शुद्धीवर आले. मला पाहून म्हणाले, "प्रयोग संपले का माझ्यावर?" मला रडू कोसळलं. यांचा विनोद इतका जिव्हारी पूर्वी कधी लागला नव्हता.

साखर मात्र हॉस्पिटलात उतरली, तीही वाढवण्याआधीच्या जुन्याच डोसवर. डॉक्टर म्हणाल्या, "माणूस तोच, डोस तोच. आता तुमची घरची बाटली बघू."

मी घरून दोन बाटल्या आणल्या. एक चालू होती. दुसरी यांना अ‍ॅडमिट करायच्या आदल्या दिवशी आणलेली, न उघडलेली. त्यांनी दोन्ही उजेडात धरल्या. आतलं पाणी नितळ हवं होतं, पण त्यात बारीक कण तरंगत होते. "हे गोठलेलं इन्सुलिन आहे. एकदा गोठलं की संपलं. वितळलं तरी ते काम करत नाही."

न उघडलेलीसुद्धा? घरी मी बाटल्या फ्रीजच्या दारात ठेवते, तिथे काही गोठत नाही. मग माझा हात नव्हता. सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच डोकं फिरलं. मी तशीच रिक्षात बसले.

आमच्या गावात औषधांचं दुकान एकच, बबनरावांचं. काउंटर लख्ख, औषधं ओळीत, पावती मागायच्या आधी हातात. मी दोन्ही बाटल्या काउंटरवर ठेवल्या आणि फ्रीज दाखवा म्हटलं. आत इन्सुलिनच्या बाटल्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेल्या. बटण शेवटच्या आकड्यावर. खाली फडकं.

"हे फडकं कशाला?"

"रोज सकाळी पानी साचतंय, ताई. पुसून घेतो."

"रोज?"

"दुकान बंद करताना मी मेन स्विच पाडूनच जातो. शॉर्टसर्किटनं शेजारचं किराणा दुकान जळालं, राख मी डोळ्यानं बघितली हाय. सेफ्टी म्हंजे सेफ्टी. सकाळी आलो की बटन फुल करतो, लगेच गार व्हतंय."

म्हणजे रात्रभर वितळायचं आणि दिवसा गोठायचं. माणूस अभिमानाने सांगत होता. मी घसा फोडून सांगायचं ठरवून गेले होते, पण हळूच म्हटलं, "आमचे हे आयसीयूत होते, बबनराव. या बाटल्यांमुळे."

त्यांनी बाटल्या उजेडात धरल्या, डॉक्टरांनी धरल्या तशाच. मग म्हणाले, "गावात आजून चार घरी जातंय हे इन्सुलिन." त्यांनी भर दुपारी शटर ओढलं आणि स्कूटरला किक मारली. मी तिथेच उन्हात उभी होते. राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही.

तुम्हाला एवढंच सांगते, औषध कुठून येतं यापेक्षा ते कुठे राहतं ते विचारा. लाजू नका. मी पुण्याची आहे, मला विचारायला लाज वाटत नाही, तरी मीही इतकी वर्षं विचारलं नव्हतं.

हे घरी आले तेव्हा म्हणाले, इन्सुलिन बबनकडूनच आणायचं. मी म्हटलं, जिवावर उदार झालात का? "तो आता चुकायचा नाही," हे म्हणाले. मी कुरकुरत गेले.

फ्रीजची वायर आता मेन स्विच टाळून वेगळी काढली होती, तिला स्वतःचा फ्यूज होता. चिठ्ठी घ्यायच्या आधी बबनरावांनी फ्रीज उघडला आणि आतला थर्मामीटर माझ्याकडे वळवला.

मी चष्मा लावला आणि आकडा वाचला. बरोबर होता. मग इन्सुलिन घरी न्यायला आणलेली थंड पिशवी पुढे केली.