खूण न केलेली ओळ

तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दारूचा.

"मॅडम, पेशंट ड्रिंक्स घेतात का?" अक्काकडे न बघता त्यांनी मला विचारलं.

अक्का माझी मोठी बहीण. एकाहत्तर वर्षांची, एकादशी कधी न चुकवणारी. मी तोंड उघडायच्या आत, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली तीच म्हणाली, "घेते ना. कॉफी. दिवसाला तीन. स्वल्प साखर घालून." डॉक्टर हसले. तेवढ्यात पुन्हा कळ आली आणि तिनं माझा पदर मुठीत घट्ट धरला.

त्या मुठीकडे मी बघत राहिले. चौदा वर्षांपूर्वी अक्काला मूठ वळता येत नव्हती.

आमचं घर चिकपेटच्या मागच्या गल्लीत आहे. पूर्वज इथं येऊन साडेतीनशे वर्षं झाली, असं वडील सांगायचे. तेव्हापासून घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, अशी आमची रीत. अक्कानं लग्न केलं नाही. ती शाळेत गणित शिकवायची. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. यजमान गेल्यावर मी या घरी परत आले, आणि मग आम्ही दोघीच.

अक्काच्या हातांत संधिवात शिरला तो निवृत्तीच्या आदल्या वर्षी. सकाळी बोटं सुजून ताठ व्हायची. खडू धरता येईना, ब्लाउजचे हूक मी लावून द्यायचे. संधिवाताच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली, रोज घ्यायची, बहुधा कायमची. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ताप आला, तोंड आलं, डोळे पिवळे दिसले, तर लगेच यायचं.

गोळ्यांच्या पहिल्या खोक्यात एक माहितीपत्रक होतं, पातळ कागदावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचं. छापलेलं काही वाचल्याशिवाय सोडायचं नाही, ही माझी जुनी खोड. भिंग घेऊन मी मोठ्यानं वाचायला बसले. दुष्परिणामांचा रकाना अर्धा झाला असेल, अक्कानं हात वर केला.

"पुरे गं. तू केस गळणं वाचलंस, माझा हात डोक्याकडे गेला. चक्कर वाचलीस, खुर्ची धरली. अजून चार ओळी वाच, इथंच आडवी होते."

"मग घेणारच नाहीस का?"

"घेते की. पण वाटणी करू. तू वाच, मी गिळते. मला सांगण्यासारखं असेल तेवढंच सांग."

"आणि मी चुकले तर?"

"पुस्तकवाल्या बाई चुकतात होय?" ती म्हणाली आणि पाण्याचा पेला मागितला.

मी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. तिला सांगायच्या ओळींपुढे पेन्सिलीनं बारीक खूण केली. त्या ओळी मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आणि पत्रक घडी घालून तिच्या तपासण्यांच्या फायलीत ठेवलं. पुढच्या प्रत्येक खोक्यात तसंच पत्रक येई. मी ते टाकून देई. वाचलेलंच होतं ना.

गोळीनं काय केलं तेही लिहायला हवं, नाहीतर तो अन्याय होईल. चौथ्या महिन्यात एका सकाळी अक्कानं लोणच्याची बरणी स्वतः उघडली. उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग स्टुलावर चढून माळ्यावरचा कॅरमबोर्ड काढला. मी ओरडले, तर म्हणाली, "ओरडतेस काय, पावडर आण." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमचा डाव. ती बहुतेक जिंकायची. कोन तिला दिसत, मला दिसत नसत. राणी घेतली की मला डिवचायची, "वाच आता, कुठल्या पुस्तकात लिहिलंय कव्हर कसं घ्यायचं ते." अशी चौदा वर्षं. दर तीन महिन्यांचे रिपोर्ट ठीक येत. फाइल जाड होत गेली.

त्या आठवड्यात बुधवारी एकादशी होती. दुपारी साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट जरा सढळ हातानं घातलं. गुरुवारी सकाळी अक्काला उलटी झाली. पोटात वरच्या बाजूला दुखत होतं, पाठीपर्यंत जात होतं. "साबुदाणा बाधला. पित्त," ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. आमच्या घरात उपवासाच्या दुसऱ्या दिवशीच्या पोटदुखीला दुसरं नावच नाही. मी ॲसिडिटीची गोळी दिली, थंड दूध दिलं, दुपारी शहाळं आणलं. काही पोटात टिकलं नाही. कपाटाचं दार उघडून मी माझी यादी पुन्हा वाचली. ताप नव्हता. तोंड आलं नव्हतं. डोळे पांढरे स्वच्छ होते. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं अजून मला विसरता येत नाही.

शुक्रवारी सकाळी तिला उभं राहता येईना, तेव्हा रिक्षा बोलावली. प्रत्येक खड्ड्याला ती चालकाला म्हणायची, "निधान, निधान." सावकाश, सावकाश. एरवी ती रिक्षावाल्यांना मीटरवरून झापायची. हा इतका सौम्य आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता, आणि त्यानं मी घाबरले.

रक्ताचा रिपोर्ट दोन तासांत आला. स्वादुपिंडाला सूज होती, आणि ती साधी नव्हती. मोठे डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, काल सकाळपासून, एकादशीच्या दुसऱ्या दिवसापासून. त्यांनी लिहून घेतलं. मग एकेक कारण बाजूला पडत गेलं. सोनोग्राफीत पित्ताचे खडे नव्हते. दारूचा प्रश्नच नव्हता. रक्तातली चरबी ठीक, कॅल्शियम ठीक.

"गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

मी पाठ असल्यासारख्या सांगितल्या. संधिवाताच्या गोळीशी ते थांबले.

"किती वर्षं?"

"चौदा."

"क्वचित होतं असं या औषधानं," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी तर आणखी क्वचित. पण शक्यता धरायला हवी. आजपासून ती बंद."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. जिनं बरणी उघडून दिली तीच गोळी? मी अक्काकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते, पण ती ऐकत होती.

"बंद केली तर हात पुन्हा धरतील की गं," ती म्हणाली.

हे तिचं माझ्याशी शेवटचं नीट बोलणं. दुसऱ्या दिवशी तिला अतिदक्षता विभागात नेलं. मूत्रपिंडं थांबली, मग श्वासाला यंत्र लागलं. काचेच्या दाराशी उभी राहून मी तिचे हात बघायचे. सरळ, न सुजलेले. नवव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं. सांगणाऱ्या डॉक्टरांच्या खिशात निळी आणि लाल अशी दोन पेनं होती. मला तेवढंच दिसत होतं.

तेरावा झाल्यावर मी फाइल काढली. पत्रक चौदा वर्षांच्या घडीवर फाटायला आलं होतं. भिंग घेतलं. माझ्या पेन्सिलीच्या खुणा तशाच होत्या. तापापुढे खूण, तोंड येण्यापुढे खूण, कावीळ, खूण. शेवटच्या रकान्यात, 'दुर्मीळ' या शब्दाखाली, इंग्रजीत स्वादुपिंडाचा दाह. पोटात तीव्र वेदना, मळमळ, उलटी झाल्यास औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा. त्या ओळीपुढे खूण नव्हती.

मी ती वाचली होती. नजर तिच्यावरून गेली होती, आणि मी ठरवलं होतं की हे अक्काला सांगण्यासारखं नाही.

पत्रक घेऊन मी संधिवाताच्या डॉक्टरबाईंकडे गेले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच एकटी. त्यांना रुग्णालयातून कळलेलं होतं. मी पत्रक उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि बोट लावलं. "ही ओळ मी तिला सांगितली नाही."

त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग म्हणाल्या, "मीसुद्धा नाही सांगितली, अम्मा. जे जास्त होतं ते आम्ही सांगतो. सगळं सांगितलं तर कुणी औषध घेणार नाही."

"गोळीनंच झालं का?"

"असू शकतं. नक्की असं मी म्हणू शकणार नाही. कधीकधी कारण सापडतच नाही."

मला हो किंवा नाही हवं होतं. दोन्हींपैकी काहीही मी सोसलं असतं, असं तेव्हा वाटलं.

त्यांनी टेबलाच्या खणातून एक छापील फॉर्म काढला. औषधामुळे काही झाल्याचा संशय असेल तर तो कळवायचा असतो, म्हणाल्या. पुढे कुणाला तरी उपयोग होतो. त्या विचारत गेल्या, लिहीत गेल्या. वय. गोळीचं प्रमाण. किती वर्षं. मग, "त्रास कधी सुरू झाला?"

"गुरुवारी सकाळी," मी सवयीनं म्हणाले. आणि थांबले.

मंगळवारची संध्याकाळ. एकादशीचा आदला दिवस, साबुदाणा अजून भिजतही घातला नव्हता. आम्ही कॅरम खेळत होतो. अक्का बोर्डावर वाकली ती वाकूनच राहिली. दोन्ही कोपर कडेला टेकवलेले, पोट दाबलेलं, कपाळ जवळजवळ सोंगट्यांना लागलेलं. मला वाटलं, कोन बघतेय. मी म्हटलं, "अक्का, एवढा हिशेब करून तरी नेम चुकणारच आहे." ती उठली नाही. म्हणाली, "थांब, असं बरं वाटतंय." मी हसले. तिनं तशीच वाकून स्ट्रायकर मारला, आणि राणी गेली.

रुग्णालयातल्या नर्सनं नंतर मला सांगितलं होतं की या दुखण्यात माणसाला पुढं वाकलं की बरं वाटतं. तरी मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

"नाही," मी डॉक्टरांना म्हणाले. "ते खोडा. मंगळवारी. संध्याकाळी सहाच्या सुमाराला. मी समोरच बसले होते."

त्यांनी गुरुवार खोडला आणि मंगळवार लिहिला. टेबलाच्या अलीकडून मला अक्षरं उलटी दिसत होती. मी ती सगळी वाचली, शेवटच्या रकान्यापर्यंत.