दुनळीतलं घर
काल शिलाई मशीनला तेल दिलं आणि त्या वासासरशी मी थेट रिठदच्या एका ओसरीवर जाऊन बसले. रानडुकरांनी तुरीत धुडगूस घातला होता, म्हणून बाबांनी बंदुकीचा परवाना काढला होता आणि तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जुनी दुनळी बंदूक बघायला आम्ही गेलो होतो. दस्त्यावर हळदीकुंकू, लाकूड तेलानं चकचकीत. "दर दसऱ्याले पूजा होते हिची," म्हातारा कौतुकानं म्हणाला. बाबा बैल पारखावा तसे तिच्याभोवती फिरले, वरून हात फिरवला आणि खूश झाले. "पयले रिकामी हाय का ते पाहा," आई म्हणाली. मग नळ्या उघडल्या, काडतूस नव्हतं. खटका, घोडे ठीक होते, सांधाही ढिला नव्हता. शेवटी बाबांनी नळ्या आभाळाकडे धरल्या, तर एकीतून उजेड दिसला आणि दुसरीत मिट्ट काळोख. तार घातली तशी वाळलेली माती भसाभसा पडली. कुंभारीण माशीनं आत घर बांधलं होतं. "ही उडवली असती तं नळी फाटून माह्या तोंडावर आली असती!" बाबा ओरडले. "मी कधी उडवलीच नाही," म्हातारा शांतपणे म्हणाला. "मंग इतके वर्सं डुकरं कायले पयत होते?" बाबांनी विचारलं. "बंदूक खांद्यावर राहे, बोंब मी मारो," म्हणत त्यानं अशी बोंब ठोकली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. बाबांनी बंदूक तिथंच ठेवली आणि ती बोंब तेवढी शिकून आले. आता आमच्या वावरात ती मी मारते. तिला ना तेल लागतं, ना परवाना.