हजेरीच्या वहीतला नवा रकाना

पाणीपुरवठा कार्यालयातले संगणक ती सांभाळायची, म्हणून तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. राग तिच्या नाकावर असायचा, हे तिची आईसुद्धा मान्य करायची. पण या वेळी चिडायला कारण सज्जड होतं.

कार्यालयातल्या सगळ्यांची मेल एकाच संगणकावर यायची, हेडक्लार्कच्या. ते रोज सकाळी ती उघडायचे, छापायचे आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. अर्थात वाचून. बारा वर्षं हे चाललं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग एके दिवशी टायपिस्टताईंच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट मेलवर आला. त्या जागेवर पोचायच्या आत अख्ख्या मजल्याला कळला. लोक धीर द्यायला आले तेव्हा ताईंच्या हातात अजून कागदही पडला नव्हता. सर्व्हरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने साहेबांचं डोकं खाऊन होकार मिळवला आणि जिन्याखालच्या खोलीतल्या लिनक्स सर्व्हरवर वेबमेल बसवायला घेतलं. म्हणजे ज्याने त्याने आपल्या टेबलावरून आपली मेल आपणच उघडावी. चार दिवस गेले. कधी डेटाबेस अडून बसला, कधी एका फाइलची परवानगी चुकली आणि पडद्यावर नुसतं पांढरं पान आलं. अखेर लॉगिनचं पान उघडलं. इन्स्टॉलरचा फोल्डर तिने आठवणीने पुसून टाकला, कारण तो राहिला तर कोणीही आत शिरून सगळी मांडणी बदलू शकतं. मग प्रत्येकाला चिठ्ठी दिली: पासवर्ड आपला आपण ठरवा, कोणालाही सांगू नका.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क हजेरीची वही घेऊन हसत आले.

"बाई, तुमचं काम हलकं केलं."

सहीच्या शेजारी त्यांनी पट्टीने नवा रकाना आखला होता. बत्तीस जणांनी सही करता करता त्यात आपापला पासवर्ड लिहून टाकला होता. धाक नाही, जबरदस्ती नाही. तिसऱ्या ओळीत टायपिस्टताईंचा, मोत्यासारख्या अक्षरात.

ती वही घेऊन तडक ताईंच्या टेबलाशी गेली.

"ताई, हा का लिहिलात?"

"अगं, रकाना होता ना. आणि विसरले तर विचारू कोणाला?"

हेडक्लार्कवर चिडणं सोपं होतं. पण ज्यांच्यासाठी एवढा जीव काढला त्यांनीच किल्ली नेऊन द्यावी, याचा संताप कोणावर काढायचा? तिने ते पान फाडलं, खाली जाऊन बत्तीसही पासवर्ड रद्द केले आणि एकेकाला बोलावलं. पहिल्या ताई.

ताई कीबोर्डसमोर बसल्या. सर्व्हरबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"तू बघितलंस तरी चालेल गं."

"मला नाही चालणार," ती भिंतीला म्हणाली. "टाका."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. मग एकेक अक्षर दाबल्याचा आवाज येऊ लागला.