आठवडी बाजारातले ओटे आणि आमची सुमन आत्या

ज्यांनी माझ्या आत्याला आयुष्यभर "निधी घालवणारी बाई" म्हणून हिणवलं, तेच आज चौकातल्या फ्लेक्सवर तिच्या फोटोखाली हात जोडून उभे आहेत.

"आदर्श लोकप्रतिनिधी हरपल्या" म्हणे.

सकाळपासून तो फोटो व्हॉट्सअॅपवर येतोय. डोकं फिरलंय, म्हणून लिहायला बसले.

सुमन आत्या काल दुपारी गेली. माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर कुंभार पिंपळगावचं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन एका तालुक्याच्या गावी आली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना बराबर कळेल.

नव्वदच्या दशकात नगरपालिकेत बायकांना आरक्षण आलं. वॉर्ड महिला राखीव निघाला आणि मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तिला उभं केलं. मामांचं खताचं दुकान, पार्टीत ऊठबस. निवडून आत्या येणार आणि कारभार मामा बघणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आत्याने तसं धरलं नव्हतं.

मी तेव्हा तिथल्या एका बँकेत नवीन लागले होते आणि तिच्याकडेच राहायचे. त्यामुळे हे ऐकीव नाही.

छोट्या धंदेवाल्यांसाठी पालिकेला सरकारी अनुदान आलं. हातगाडीवाले, भाजीवाल्या, चपला शिवणारे, त्यांचा धंदा नीट चालावा म्हणून.

आत्याचं म्हणणं साधं होतं. आठवडी बाजाराच्या मैदानात ओटे बांधा, वर पत्र्याचं शेड टाका, पाण्याचा नळ द्या. आणि बायकांसाठी संडास.

संडासावर ती अडून बसली ती कमलबाईमुळे. कमलबाई तिच्याच वॉर्डातली भाजीवाली. बाजारच्या दिवशी सकाळी घरून निघाली की अंधार पडेस्तोवर पाण्याचा घोट घ्यायची नाही. जायला जागाच नव्हती ना कुठं. ऐन उन्हाळ्यात एकदा चक्कर येऊन मालावरच कोसळली. आत्यानेच तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

मीटिंगमध्ये मात्र भलताच विषय निघाला. स्टँडसमोर व्यापारी संकुल. पक्के गाळे. डिपॉझिट असं की भाजीवाली सोडा, माझ्यासारखी पगारदारही भरू शकली नसती.

गाळे कुणाला जाणार हे आधीच ठरलेलं. कुणाचा मेहुणा, कुणाचा भाचा, कॉन्ट्रॅक्टरचा भाऊ.

एक गाळा मामांनाही.

आत्या उठली. तिने विचारलं, ज्यांच्या नावानं हा पैसा आला त्यांच्यातल्या एकाला तरी गाळा मिळणार आहे का?

अध्यक्ष हसले. "ताई, आधी घरी साहेबांना विचारा. मंग बोला."

सगळं सभागृह हसलं.

आत्या म्हणाली, "इलेक्शनला मी उभी राह्यल्ते. त्यांना विचारायचं होतं तर त्यांनाच उभं करायचं."

ठराव तरीही बहुमताने पास झाला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने जालन्याला गेली आणि कलेक्टर ऑफिसात तक्रार दिली. तिथला अधिकारी भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, संकुलाचं काम थांबवलं आणि पालिकेला कळवलं की योजनेत बसेल असा नवा ठराव करा.

यांनी केलाच नाही. मीटिंग लावायची आणि कोरम होऊ द्यायचा नाही. असं करत करत मार्च एंड आला. निधी परत गेला.

आणि गावात काय पसरवलं? बाईनं गावाचा पैसा घालवला.

निधी घालवला कुणी? जे खुर्च्या रिकाम्या ठेवून घरी बसले, त्यांनी. पण नाव खराब झालं ते एकटी हजर राहणाऱ्या बाईचं.

मामा तिच्याशी बोलेनासे झाले. ताटावरून तसेच उठून जायचे.

आणि कमलबाई. भर बाजारात, चार लोकांसमोर ती आत्याला म्हणाली, "तुमच्या भांडणात आमचं शेड गेलं, मॅडम."

आत्या पिशवी उचलून निघाली. घरी येऊन माझ्याकडे पाठ करून कणीक मळत बसली. खरं काय झालं ते तिला सांग ना, म्हणून मी मागेच लागले.

"काय सांगू तिला? ती उन्हातच बसून राह्यली न्हाई का? मंग बराबरच बोलून राह्यली ती."

उरलेली टर्म ती पुन्हा जालन्याच्या चकरा मारत राहिली. ओट्यांचा नवा प्रस्ताव, नव्या सह्या, तेच हसणारे चेहरे. मंजुरी आली तेव्हा टर्म संपत आली होती. वॉर्डाचं आरक्षण बदललं. तिला तिकीट द्यायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही.

काम पुढच्या बॉडीत झालं. कोनशिलेवर नाव त्याच अध्यक्षांचं. भाषणात म्हणाले, विरोध खूप झाला, पण आम्ही करून दाखवलं.

आत्याला साधं निमंत्रणसुद्धा नाही.

 ती पुढच्या बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन निघाली, नेहमीसारखी. मी सोबत गेले.

कोनशिलेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. आधी मागं गेली, संडासाची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला. पाणी येत होतं. मग भाजी घ्यायला वळली.

कमलबाई ओट्यावर बसली होती. आत्याला पाहून काही वेळ नुसती मेथीच्या जुड्या इकडच्या तिकडं करत राहिली. मग तिने टोपली बाजूला ओढली, मोकळ्या झालेल्या जागेवर पोतं अंथरलं आणि म्हणाली,

"या. सावलीत बसा जरा."

आत्या बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय, ते मला माहीत नाही. मी लांबच थांबले होते.

आत्या, तू कुणावर राग धरला नाहीस. मला ते जमणार नाही, आणि जमवायचंही नाही.

तू मात्र आता निवांत जा.

तुला माझा शेवटचा नमस्कार.