शिपायाच्या बुटावरचा शेंदूर

बागेच्या फाटकाशी आली की ती पदर डोळ्यांवर ओढायची आणि भिंत चाचपत पुढे सरकायची. "देखू नको, सेठ, त्यानाकडे देखू नको," हे तिचं ठरलेलं वाक्य. आता माझं दुकानच बागेसमोर. मी दिवसभर त्याच्याकडे तोंड करून बसायचो!

तो म्हणजे काशाचा शिपाई. जर्मनची लढाई संपल्यावर सरकारने आमच्या शहाद्याच्या बागेत उभा केलेला. खांद्याला बंदूक, पायात बूट, आणि चेहरा असा की कुणाचाही म्हणावा. तुम्हीही असे पुतळे पाहिले असतील. आपण त्यांच्या सावलीत शेंगा खातो आणि उठून घरी जातो.

ती तोरणमाळकडची. बाजाराच्या दिवशी डिंक आणि चारोळी घेऊन डोंगर उतरायची. माझ्या पायरीवर बसायची, पण पाठ बागेकडे. तिचा एकुलता एक मुलगा लढाईच्या मजुरीवर दरियापार गेला होता. बरोबरचे काही परत आले, काहींच्या मरणाची खबर आली. याचं काहीच कळलं नाही.

"तो काय तुले खाई जाई का, मावशी?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

"मरेल मानुसलेच असा उभा करतस," ती हळू आवाजात म्हणाली. "मन्हा पोऱ्या जित्ता शे."

मग तिने समजावलं. त्यांच्या डोंगरात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभारतात, त्यावर माणूस कोरतात. शेंदूर लावला, मोहाची दारू शिंपडली, की त्याचा जीव तिथे येऊन बसतो. सरकारने शिपाई उभा केला, पण नाव कुणाचंच घेतलं नाही. म्हणजे जागा रिकामी. अशा जागेवर शेंदूर पडला, तर ज्याचा पत्ता नाही त्याचाच जीव ओढला जाणार. जित्ता असला तरी.

आणि आपल्या लोकांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. उभी वस्तू दिसली की शेंदूर फासल्याशिवाय चैन पडत नाही. अधूनमधून कुणीतरी शिपायाच्या बुटाला बोट लावून जायचंच.

"लाल शे का?" पायरीवर टेकताच तिचा पहिला प्रश्न. हो म्हटलं की तिचं तोंड पांढरं पडायचं. तरी उठायची. डोळे घट्ट मिटून, हात पुढे करून बागेत जायची आणि पदराने बूट घासायची. परत आली की पाणी मागायची. भांडं दोन्ही हातांनी धरायची, तरी पाणी अंगावर सांडायचं.

माझं हसणं केव्हाच बंद झालं होतं. शेंदूर माझ्याच दुकानात विकायला असे. ती आली की मी डबा पोत्यामागे सारायचो. पुढे पुढे तर बाजाराच्या दिवशी कुलूप काढण्याआधी मी बूट बघून यायचो. भुताखेतांना हसणारा मी, पण भीती दर बाजाराला शेजारी येऊन बसली की तिचीही लागण होते.

एका बाजाराला ती आली ती उघड्या डोळ्यांनी. भिंतीला हात नाही, डोक्यावर टोपली नाही.

मी घाईघाईने म्हणालो, "मावशी, आज लाल नई शे. मी देखं."

तिने हात पुढे केला. "शेंदूर दे, सेठ."

मी डबा पोत्यामागे आणखी आत सारला.

"त्याना संगे गयेल मानूस परत उना. त्यानी त्याले मरताना डोयाखाल देखं," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्या इतला दिन वाटवरच शे. त्याले बसाले जागा जोयजे."

मी पोत्यामागचा डबा काढला आणि पुडी बांधून दिली. तिने बूट लाल केला, कमरेला बांधलेल्या तुंब्यातली मोहाची दारू शिंपडली आणि मान वर करून पहिल्यांदाच त्या चेहऱ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

त्यानंतर ती कधी डोंगर उतरली नाही.

पावसात बूट फिका पडतो. मग दुकान उघडण्याआधी मी डबा घेऊन बागेत जातो. चेहऱ्याकडे बघायचा धीर मला आता होत नाही.